बसल्या जागेवरून

५ जानेवारी

ती. ताईस,

ठिणगीचा सा. न., उभ्यानेच. वाकले की कंबर बोलायला लागते.

तुझं पत्र आणि कोडं मिळालं. पत्र आवडलं, कोडं नाही. जिने चौथीत दोनदा बसून शाळेकडे पाठ फिरवली तिला असली चौकटींची जाळी कशाला पाठवतेस गं? उभा चार, अक्षरं दोन, पाय आहेत पण चालत नाही. मी बेधडक खुर्ची लिहिलं. मग आडवा सहा काही केल्या बसेना. मला वाटलं तूच चुकलीस. दुपारी एका साहेबांच्या पँटला इस्त्री फिरवताना डोक्यात उजेड पडला की तो बाक आहे, तुझ्या समोरच्या झाडाखालचा. पँटला दुहेरी घडी पडली ती वेगळीच. साहेब नेताना नाक मुरडून गेले.

आणि तुझा तो नियम. बसल्या जागेवरून जे दिसतं तेवढेच शब्द घालायचे, शब्दकोश उघडायचा नाही. तुझं बरं आहे, तुझ्या खिडकीखाली अख्खा रस्ता आहे. मी घालायचं म्हटलं तर काय घालू? दुकानात प्लग भिंतीला आहे, म्हणून टेबल भिंतीला आहे, म्हणून मीही दिवसभर भिंतीलाच. दार आणि रस्ता माझ्या पाठीकडे. दारात गल्ल्यावर भाऊजी. गिऱ्हाईक मी आवाजावरून ओळखते, चेहरा बघायचा तर मान मोडून बघावं लागतं. हे गेल्यापासून दुकान भाऊजींचं आणि मागची खोलीही त्यांचीच, तेव्हा टेबल कुठे लावायचं ते मी कोण ठरवणार?

गुडघा कसा आहे? जिना उतरायचा नाही म्हटलंय तर उतरू नकोस. चौथा मजला आहे, लाड नाहीत.

लोभ आहेच, असावा म्हणून मागत बसत नाही.

तुझी ठिणगी

ता. क. आडवा नऊ सांग. जोडाक्षर असेल तर नको सांगूस.

१४ जानेवारी

चि. ठिणगीस,

अ. उ. आ. आणि एक टपली.

आडवा नऊ छत्री आहे. जोडाक्षर आहे, तरी सांगितलं. खाली शिंप्याच्या दुकानाशेजारी एक छत्रीवाला बसतो, त्याच्या मोडक्या छत्र्या भिंतीला उलट्या टांगलेल्या असतात. शिंपी गळ्यात टेप टाकून दारात उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची मापं नुसत्या नजरेने घेतो. मी खिडकीतून बघते आणि चौकटी भरते. वेळ बरा जातो.

नियमावर रागावू नकोस. छापखान्यात इतकी वर्षं खिळे जुळवले, साप्ताहिकाचं कोडं दर आठवड्याला माझ्याच हाताखालून जायचं. त्यात असे असे शब्द असत की ते जुळवणाऱ्यानेही पाहिले नव्हते आणि सोडवणाऱ्यानेही. तेव्हाच ठरवलं होतं, आपण कधी कोडं केलं तर त्यात डोळ्यांनी पाहिलेलंच घालायचं. म्हणजे सोडवणारा घटकाभर आपल्या शेजारी येऊन बसतो.

तू एक करून पाठव. सगळ्यात लांब शब्द आधी मधोमध ठेव. त्याच्या अंगावर दुसरे टांग. एका चौकटीत एकच अक्षर, त्याचा काना-मात्रा त्याच्याच घरात. काळ्या चौकटीला भिऊ नकोस. शब्द संपला की श्वास घ्यायला जागा लागते, ती जागा म्हणजे काळी चौकट. आणि कोपरा अडला तर ओढूनताणून शब्द कोंबू नकोस, आवडीचा एक काढून टाक.

भोपळ्या, सून, नात सगळे मजेत. नातीची मोठी परीक्षा आहे यंदा. मी मजेत.

तुझ्या कमरेला शेक दे. इस्त्रीने नव्हे.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. आज बसून केला.

कोडं सोबत आहे, हसायचं नाही. मधोमध कडकइस्त्री ठेवली. तू म्हणशील हे दोन शब्द आहेत. आमच्या दुकानात एकच आहे. तिच्या अंगावर कफ टांगला, मग आजूबाजूला कॉलर, बटण, स्टार्च, चिमटा असे. बघ, माझा सगळा जन्म एका जोडाक्षरात अडकला होता आणि मला पत्ताच नव्हता. खालचा डावा कोपरा सुटेना तेव्हा तू सांगितलंस तसं आवडीचा शब्द काढला. चुरगळा हा माझा फार लाडका शब्द होता. गेला.

भाऊजी म्हणाले, वहिनी, बिलाच्या मागे रेघोट्या कसल्या ओढता? मी म्हटलं दुकानाचा नकाशा काढतेय. तेवढ्यावर ते गल्ल्याकडे वळले. दुकान वाढवायचं त्यांच्या फार दिवसांपासून मनात आहे.

आणखी एक. लांबच्या बसचा ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक. खाकी शर्ट, खांद्यापाशी फाटका, पण माणूस चोख. तो तुमच्या गावाला मुक्कामाला जातो. त्याच्याबरोबर तुला चादर पाठवतेय, धुऊन कडक करून. तुमच्या घरी इस्त्रीला कोणाला सवड आहे? पत्ता लिहून देत होते, तर म्हणाला अक्षर लागत नाही. माझ्या अक्षरावर नेहमीच सगळे टपलेले. मग मी त्याला तोंडीच सांगितलं. शिंप्याचं दुकान विचार, त्याला लागून छत्रीवाला, समोर झाडाखाली बाक. बाकावर उभं राहून वर बघ, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक चष्मेवाली बाई कागदावर चौकटी आखत बसलेली दिसेल, ती आमची ताई. तुझ्या कोड्यांनी मला तुझा रस्ता पाठ झालाय. डोळे मिटून येईन.

येणं होत नाही ती गोष्ट वेगळी.

लोभ घडी करून चादरीत ठेवलाय.

तुझी ठिणगी

१९ फेब्रुवारी

ताई,

आज नमस्कार नाही. आधी उत्तर दे.

ड्रायव्हर परत आला. चादर पोचवली म्हणाला, पण माझ्यावर असा चिडलेला की शर्ट टाकायच्या आधी बडबडच सुरू. त्या रस्त्यावर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चादर काखोटीला मारून फिरला. शिंपी नाही. छत्रीवाला नाही. बाक नाही. झाड तोडून नुसता बुंधा ठेवलाय. लोक त्याच्याकडे वेड्यासारखं बघायला लागले. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं की शिंपी दुकान सोडून कधीचा गेला, शटर ओढलेलं आहे ते आहे, आणि रस्ता रुंद केला तेव्हा बाक उचलला. मग भोपळ्याचं नाव काढल्यावर कोणीतरी इमारत दाखवली.

वरती खिडकीत म्हणे एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. सुनेने दार उघडलं, चादर घेतली आणि मागे वळून आत, स्वैपाकघराच्याही पलीकडे हाक मारली की आई, तुमच्या बहिणीकडून आलंय. आतून कोणी आलं नाही. आवाज आला.

ताई, शिंपी गेला तरी तुझ्या कोड्यात तो गळ्यात टेप टाकून उभाच आहे. गेल्या महिन्याच्या कोड्यात होता. छत्री होती. बाकावर तर मी एक पँट वाया घालवली.

तू कुठून बघतेयस? नीट लिही. मजेत आहे असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन, त्याला तिकीट न लावता.

ठिणगी

२७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद घे, मग रागव.

पकडलंस. छापखान्यात माझी चूक कोणाला सापडत नसे, तुझ्या ड्रायव्हरला सापडली.

पाय घसरून मी जिन्यात पडले ते तुला माहीत आहे. त्यानंतर उतरणं बंद झालं. पुढे नातीला अभ्यासाला जागा हवी झाली. पुढच्या खोलीत उजेड आहे, तिचं टेबल तिथेच लागणार. भोपळ्याने मला विचारलं की आई, मागच्या खोलीत चालेल ना, तिथे शांत आहे. मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. तो दुसऱ्यांदा विचारील असं मला वाटत होतं. त्याने विचारलं नाही, आणि मग माझं मला फिरवता येईना. तेव्हा त्याचा दोष नाही. दिवसभर औषधाच्या दुकानात उभा असतो, घरी येतो तेव्हा पाय सुजलेले असतात. आत डोकावून जेवलीस का विचारतो. मी जेवलेली असते.

मागच्या खोलीला खिडकी आहे. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, हात लांब केला तर लागेल अशी. मी सुरुवातीला तिच्यावर कोडं करायला बसले, पण तीन शब्दांच्या पुढे गाडी जाईना. मग जुना रस्ता आठवून घालायला लागले. आठवणीतला शिंपी दुकान सोडत नाही, हा त्याचा गुण. नियम मोडला हे खरं. पण तुला खरं लिहून काय झालं असतं? तू तिथे टेबलाशी उभी राहून चरफडली असतीस आणि कोणाचा तरी शर्ट जाळला असतास.

भोपळ्याला यातलं अक्षर लिहायचं नाही. तुला माझी शपथ आहे. मुलाला लाजवून मिळालेली खिडकी मला नको.

चादर फार छान झाली आहे. घडी मोडवत नाही.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सगळं पुरं लिहिलंय, कारण आज माझ्याकडे ताठा उरलेला नाही.

तुझं पत्र वाचलं आणि पहिलं काय केलं असेल तर भाऊजींच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं माझ्या बहिणीला इथे आणते. तळमजला आहे, जिना नाही, दारात खुर्ची टाकली की रस्ता समोर. भाऊजी म्हणाले, वहिनी, इथे लोकांच्या कपड्यांना जागा पुरत नाही, तुमच्या माणसांना कुठून आणू? आवाज चढवून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते हळू म्हणाले. आणि खोटं काही नव्हतं. माझी खोली म्हणजे एक खाट आणि चारी बाजूंनी गठ्ठे. कूस बदलायची तर आधी कोणाच्या तरी पडद्यांना सरकवावं लागतं. मी इथे राहते तीच त्यांच्या मर्जीवर. मर्जीत एकच माणूस मावतं.

परत टेबलाशी आले आणि समोर भिंत. तुझ्यासमोर तुझी, माझ्यासमोर माझी. दोन बहिणी दोन गावांत दोन भिंतींना नाक लावून बसल्यात आणि एकमेकींना कोडी घालतायत. कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं मेल्यांना कामधंदा नाही.

शपथ घातलीस, ती पाळीन. पण माझी एक अट. यापुढे मला शिंपी नको. त्या भिंतीचं कोडं पाठव, तीन शब्दांचं तर तीन शब्दांचं. मी कोडं सोडवायला तुझ्या शेजारी येऊन बसते असं तूच लिहिलंस ना? मग मी इतके महिने एका नसलेल्या बाकावर एकटीच बसले होते. मला बोलाव तिथे, जिथे तू आहेस.

लोभ असो नसो, कोडं पाठव.

तुझी ठिणगी

१५ मार्च

चि. ठिणगीस,

अ. आ.

हे घे. वर आडव्या तीन चौकटी, दोन्ही टोकांपासून खाली दोन-दोन. काळी चौकट घालायला जागाच नाही.

आडवा, अक्षरं तीन: मला न विचारता भिंतीवरून खाली उतरतो.

उभा, उजव्या टोकाचा, अक्षरं तीन: माझ्याखाली असतो, तरी मीच त्याच्या ताब्यात.

उभा, डाव्या टोकाचा, अक्षरं तीन: येतं, बसतं, जातं.

खरं कोडं करायला वेळ फार लागला, पण झोप चांगली लागली.

तुझी ताई

२४ मार्च

चि. भोपळ्यास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. टक्कल पडलं तरी तू भोपळ्याच.

सोबत एक कोडं पाठवतेय. तुझ्या आईने घातलंय. कोडं कसलं, दोन पायांचं स्टूल आहे. तिचा नियम तुला माहीत असेल, नसेल तर सांगते. बसल्या जागेवरून दिसतं तेच ती घालते. आडव्यात पाईप बसला. त्याच्या प पासून खाली पलंग आला. आता त्याच्या पा पासून खाली एक उरलंय, येतं, बसतं, जातं. मी पाकोळी लिहिलं. बसलं. मग पाखरू लिहिलं. तेही बसलं. दोन्हीला तीन अक्षरं, दोन्ही येतात, बसतात, जातात. येते की येतं एवढं व्याकरण चौथीत दोनदा बसलेल्या मावशीकडून मागू नकोस. खाली दुसरा शब्द नाही की ज्याने खरं-खोटं करावं. माझा जीव टांगणीला लागलाय.

आईला विचारू नकोस. घालणाऱ्याने उत्तर सांगायचं नसतं, आणि ती फार नियमाची आहे. तू तिच्या जागेवर जाऊन बस. दारातून बघून चालणार नाही, दारातून भलतंच दिसतं. पलंगावर, तिच्या उशीला टेकून. मग जे दिसेल ते मला कळव. घाई करू नकोस, येतं आणि जातं म्हटलंय, म्हणजे वाट बघावी लागणार.

मला फक्त उत्तर हवंय. बाकी मी काही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही, कारण शपथ आहे. कसली ते विचारू नकोस.

पायांना गरम पाण्यात मीठ घालून शेकत जा.

तुझी मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी बसलो. आधी काठावरच टेकलो होतो, पाईप दिसला, म्हटलं झालं. आईने विचारलं काय हवंय. मी तुझा कागद दाखवला. ती भिंतीकडे सरकली आणि उशी माझ्याकडे केली. मी पडलो.

मावशी, तिथून आभाळ दिसत नाही. खोलीला रंग मीच दिला, पलंग मीच लावला, बल्ब मी बदलतो. पण त्या पलंगावर मी कधी पडलो नव्हतो. मला वाटत होतं कडेने तरी थोडं दिसत असेल. दिसत नाही. मान कशीही केली तरी भिंतच.

बराच वेळ काही आलं नाही. मी उठायला लागलो तर आई म्हणाली बस अजून, येतं ते. मग आलं. पाईपच्या वळणावर बसलं, तपकिरी रंगाचं, पंख झटकले. आईने माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. ते गेल्यावर सोडलं.

पाखरू आहे.

मी पुढच्या खोलीची मापं घेतोय. पलंग आणि टेबल दोन्ही बसत नाही, कपाट आडवं येतं. कपाट सासऱ्यांनी दिलेलं आहे, त्यामुळे घरात सध्या कोणी फार बोलत नाही. कबूल काही करत नाही. बघतो.

तुझा भोपळ्या

२० एप्रिल

चि. ठिणगीस,

शपथ मोडली नाहीस म्हणून आशीर्वाद, आणि पाळलीही नाहीस म्हणून टपली.

थोडक्यात लिहिते, टेबल नातीचं आहे आणि तिला ते परत हवं आहे. कोडं लहान आहे. डोळ्यांना अजून उजेडाची सवय व्हायची आहे.

आडवा, अक्षरं तीन: खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही. गळ्यात टेप टाकणाऱ्याची शेवटची खूण.

त्याच्या शेवटच्या अक्षरावरून खाली, अक्षरं दोन: होता तिथेच आहे. मीच नव्हते.

तुझी ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न., वाकून. कंबर काय बोलायची ते बोलो.

शटर! दुकानात एवढ्या जोरात ओरडले की भाऊजींना वाटलं काहीतरी पेटलं. पेटलं होतंच, एका कॉलरचा कोपरा पिवळा पडला. गिऱ्हाइकाला सांगितलं फॅशन आहे. शटर, आणि खाली रस्ता. जन्मात कोणाचं बंद दुकान बघून मला इतका आनंद झाला नव्हता. शिंपी नाही, बाक नाही, झाडाचा बुंधा राहिलाय, आणि ते सगळं नाहीपण तू स्वतःच्या डोळ्यांनी बघतेयस. ड्रायव्हरला सांगितलं, आता चौथ्या मजल्याकडे मान वर कर, दिसेल. तो म्हणाला, बाई, पुन्हा पत्ता कोड्यातून सांगू नका.

कपाटाचं काय झालं ते लिही. मागच्या खोलीत गेलं असेल तर बरंच झालं. त्याला भिंतीची सवय असते. सून फुगली असेल तर तिच्या साड्या माझ्याकडे पाठवून दे, इस्त्री करून देईन. नातीला अभ्यासात मधेच उत्तरं विचारून छळू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सोबत माझं कोडं. त्यात नवीन काही नाही. भिंत, प्लग, कॉलर, वायर. वायर मात्र बघून घे, ती उभी चार आहे आणि फार आखूड आहे. परवा भाऊजींना म्हटलं की लांब वायर आणून द्या, टेबल दाराकडे फिरवते. ते म्हणाले, वहिनी, इस्त्री करायला रस्ता कशाला बघावा लागतो? काल पुन्हा मागितली, म्हणाले बघू. आज मागितली तेव्हा गल्ल्यात डोकं घातलं. उद्या मागणार आहे. परवाही. एकदा विचारून गप्प बसायचं हे तुमच्या घरचं वळण, माझं नाही.

तोवर माझ्या कोड्यात भिंतच येईल. येऊन बस माझ्या शेजारी, जागा करते.

तुझी ठिणगी